काखेतली केशरी पट्टी

ड्रम कोरचा शो पहिल्यांदा पाहणाऱ्याची नजर आकारांवर जाते. मैदानभर पसरलेली दीडशेहून अधिक मुलं बघता बघता वर्तुळ होतात, वर्तुळ फुटून तिरपी रेघ होते, ती रेघ वळते आणि स्वतःच्याच आरपार निघून जाते. माणूस थक्क होतो, आणि व्हायलाच हवं, ते तेवढ्यासाठीच रचलेलं असतं. लेकीचे सुरुवातीचे शो मीही असेच पाहिले. मग एका उन्हाळ्यात तिच्या कोरच्या पोशाख विभागात शिवणकामाला उभी राहिले आणि नजर वेगळ्याच जागी जाऊन बसली. आता मला आधी खांदे दिसतात, मनगटं दिसतात, मानेचा झटका दिसतो, एका मुलाने दुसऱ्याकडे टाकलेला कटाक्ष दिसतो. आकार मागाहून येतो. त्या उन्हाळ्यात काय काय पाहायला शिकले ते सविस्तर लिहिते आहे. अमेरिकेतल्या आपल्या कितीतरी घरांतली मुलं शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये आहेत, त्यांतली काही पुढे ड्रम कोरकडे वळतात, आणि त्यांच्या आईवडिलांना स्टँडमध्ये बसून नेमकं काय पाहायचं हे सांगणारं कुणी नसतं.

ड्रम कोरमध्ये पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि कलर गार्ड, म्हणजे झेंडे-रायफली नाचवणारं पथक, एवढेच विभाग असतात. बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांनी, चर्चनी आणि स्काउटांनी बिगुल-ढोलांची पथकं काढली, त्यांतून हा प्रकार वाढला. 1971 मध्ये ड्रम कोर्स इंटरनॅशनल ही संस्था निघाली आणि पुढच्या वर्षी विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावात तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. कॅलिफोर्नियाच्या अनाहाइम किंग्समेननी ती जिंकली. वयाची बाविशी ओलांडली की मुलं बाहेर पडतात. पैसे कुणालाच मिळत नाहीत, उलट मोसमाची फी काही हजार डॉलर असते. मला यातली एक गोष्ट फार आवडते: सॅक्रामेंटोचा मँडरिन्स हा कोर 1963 मध्ये तिथल्या चिनी-अमेरिकी वस्तीतल्या मुलांसाठी सुरू झाला आणि आज तो वरच्या गटात खेळतो. बाहेरून आलेल्या लोकांची मुलं इथे पाहुणी नाहीत, हे लेकीला आणि मला त्या एका नावाने पटलं.

माझी मुलगी मेलोफोन वाजवते. फ्रेंच हॉर्नचा मैदानावर चालायला सोपा केलेला भाऊ म्हणा. नोव्हेंबर-डिसेंबरात ऑडिशनची शिबिरं असतात, तिथे तिची निवड झाली आणि वसंतात पालकांना मदतीसाठी विचारणारं पत्र आलं. स्वयंपाकाचा ट्रक, पाण्याची पिंपं, प्रॉप म्हणजे मैदानावरचा देखावा ढकलणं, गाडी चालवणं, शिवण. मी शिवणासमोर खूण केली. साताऱ्याच्या घरी आईच्या पायमशीनवर मी झबल्यांपासून ब्लाउजपर्यंत सगळं शिवलेलं आहे.

मे महिन्याच्या अखेरीस एका कॉलेजच्या आवारात सरावशिबिर सुरू झालं. सकाळी नाश्त्यानंतर मुलं मैदानावर जातात ती रात्री दिवे लागल्यावरही तिथेच असतात. प्रत्येकाला क्रमांक असतो आणि शोमधल्या प्रत्येक स्थितीसाठी मैदानावरची एक जागा. तिला डॉट म्हणतात. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दर पाच यार्डांवर पांढरी रेघ असते आणि दोन रेघांमध्ये आठ पावलं बसवायची असतात, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. ‘पस्तीसच्या रेघेपासून दोन पावलं बाहेर, पुढच्या हॅशच्या चार पावलं मागे’ असा पत्ता. हॅश म्हणजे मैदानावरच्या आखूड खुणांची ओळ. असे पत्ते प्रत्येक मुलाला शंभराच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त पाठ करावे लागतात. गळ्यात दोरीने लटकवलेल्या वहीत ते लिहिलेले असतात, आताशा फोनमध्येही असतात, पण वही काही सुटलेली नाही. नवी जागा शिकताना गवतावर पोकर चिप टाकून ठेवतात.

मी मैदानाच्या कडेला टेबल मांडून बसले होते. पोशाख विभागाच्या प्रमुख बाईंनी पहिला अंगरखा माझ्यासमोर ठेवला. गडद करडा, ताणला जाणारा, छापील कापडाचा. उलटसुलट करून पाहिला तरी विशेष काही दिसेना. मग त्यांनी तो एका मुलाला घालायला लावला आणि म्हणाल्या, “उजवा हात वर कर.” हात वर गेला तशी काखेपासून कमरेपर्यंत केशरी पट्टी उघडली. हात खाली आला, पट्टी मिटली. करड्यावर कुठे खूणसुद्धा नाही.

अकरा-बारा मिनिटांच्या शोमध्ये ही पट्टी दिसायची ती फक्त एकदा, तीसुद्धा काही मात्रांपुरती. पितळी वाद्यांची एक लांब तिरपी रांग, वाद्य डाव्या हातात खाली, आणि उजवे हात एकामागून एक वर. रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केशरी रंग वाहत जायचा. पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात शिरत जातं ना, तसा. तेवढ्यासाठी सगळ्या पितळी विभागाच्या अंगरख्यांत ही पट्टी बसवायची होती. कारखान्यातून आलेल्या पोशाखांत ती होती, पण प्रत्येकाच्या मापाला जुळवून घ्यावी लागत होती. पट्टी सैल राहिली तर हात खाली असतानाच केशरी डोकावणार आणि सगळं आधीच फुटणार. घट्ट झाली तर हात पुरता वर जाणार नाही.

ताणणाऱ्या कापडाची शिवण ज्यांनी केली आहे त्यांना माहीत असेल की सरळ टीप तिथे चालत नाही. कापड ताणलं की दोरा तुटतो. झिगझॅग घालावी लागते, गोल टोकाची सुई लागते, आणि कापड मशीनखालून ओढायचं नाही, त्याला त्याच्या चालीने जाऊ द्यायचं. काखेत तर चार शिवणी एका ठिकाणी येतात. तिथे मी शेवटचे टाके हातानेच घालत होते. कोण कसा हात उचलतो हे हळूहळू मला टाक्यांवरून समजू लागलं. ट्रम्पेटवाल्यांचा खांदा आधी उठतो. ट्यूबावाली मुलं इतकं जड वाद्य खांद्यावर वागवतात की त्यांच्या एका बाजूची शिवण लवकर सैल होते. मी मापं टिपण्याच्या वहीत हे लिहून ठेवायला लागले, आणि सरावाकडे पाहण्याची माझी सवय तिथून सुरू झाली.

लेकीला विचारलं, “मी नेमकं कुठे बघू गं?”

ती म्हणाली, “आई, पहिले काही दिवस तू माझ्याकडे बघूच नकोस. मधल्या स्नेअरवाल्याच्या पायांकडे बघ, आणि मग ड्रम मेजरच्या डोळ्यांकडे.”

मी तसं केलं. सगळ्यांना वाटतं, उंच चौथऱ्यावर हात फिरवणारा ड्रम मेजर ताल देतो आणि बाकीचे त्याच्यामागे जातात. प्रत्यक्षात त्याचे डोळे बहुतेक वेळ स्नेअर ढोलांच्या रांगेतल्या मधल्या मुलाच्या पायांवर खिळलेले असतात. तो पाय जमिनीला टेकतो त्याच क्षणी याचा हात खाली येतो. कारण आवाज हळू पोहोचतो. मैदानाची रुंदी 53 यार्डांहून थोडी जास्त, म्हणजे साधारण 49 मीटर. आवाजाला एवढं अंतर कापायला सेकंदाचा सातवा हिस्सा लागतो. मिनिटाला 180 मात्रांच्या लयीत तेवढ्यात मात्रेचे चार भाग केले तर दीडहून जास्त भाग निघून जातात. म्हणून ढोल मागच्या कडेला असले की पुढच्या कडेला मांडलेले मरिंबा-झायलोफोन, ज्याला पिट म्हणतात, ते ड्रम मेजरकडे पाहून वाजवत नाहीत. मागून येणारा आवाज कानाने पकडतात आणि त्याला चिकटून वाजवतात. पिटमधल्या मुलांची मान अशा वेळी किंचित तिरकी होते, कान मागे दिल्यासारखी. हे एकदा लक्षात आलं की दिसतंच राहतं. प्रेक्षकांसाठी ते मुळीच नसतं, पण मला तो शोमधला एक सुंदर भाग वाटतो.

गार्डच्या बाबतीत मला थोडी आधीची ओळख होती. लग्नाआधी पुण्यात मी एका ढोलताशा पथकात ध्वज नाचवत असे, त्यामुळे काठीचं वजन वाऱ्यात कसं बदलतं हे मनगटाला माहीत होतं. इथे झेंड्यांबरोबर लाकडी रायफल आणि तलवारीही असतात. रायफल वर फेकतात, ती हवेत पाच-सहा वेळा फिरते आणि खाली येताना एकाच मात्रेवर सगळ्यांच्या हातात चपराकीसारख्या आवाजाने बसते. टाळ्या त्या झेलीला पडतात. मी मात्र फेकीआधीचा क्षण पाहायला लागले. गुडघे किंचित वाकतात, सगळ्यांच्या बरगड्या एकदम फुगतात, हनुवटी तसूभर वर जाते. श्वास सगळ्यांचा एकाच मात्रेवर घेतलेला असतो. तो मोजून शिकवलेला असतो. जिथे श्वास एकत्र असतो तिथे झेल जवळजवळ नेहमीच एकत्र बसते, आणि जिथे एकीचाही श्वास मागे राहतो तिथे मला आधीच कळायला लागलं की आता हिची रायफल उशिरा येणार.

प्रॉपच्या मागे काय चालतं हे शिवणाच्या टेबलावरून जितकं दिसलं तितकं कुठल्याही तिकिटात दिसलं नसतं. आमच्या शोमध्ये चाकांवरच्या उंच भिंती होत्या. पुढून पाहणाऱ्याला भिंत दिसते. मागे गार्डची मुलं एक झेंडा खाली ठेवून दुसरा उचलतात, हातमोजे बदलतात, एखादी दुसरीच्या पाठीवरचा हुक लावून देते. झेंडे जमिनीवर ठेवण्याचीही रीत आहे. काठीचं टोक कुठल्या दिशेला, कापड कुठे दुमडलेलं, हे सगळं ठरलेलं असतं, नाहीतर उचलताना कापड पायात येतं. आणि एक गोष्ट मला फार भावली. भिंतीमागून जाताना पितळी विभागाच्या काही मुलांना आठ मात्रा कुणालाही दिसत नसत. त्या आठ मात्रांतसुद्धा त्यांच्या वाद्यांचा कोन ढळत नसे. लेकीला विचारलं तेव्हा ती म्हणाली की शेजारच्याला दिसतं ना, आणि तो आपल्यावरून स्वतःची जागा लावत असतो. एकाने अंग सोडलं की भिंतीमागून बाहेर येणारी रांगच वाकडी येते.

फिरत्या आकारात कोण कुठे आहे हेही पाहण्यासारखं असतं. रांग दाराच्या पानासारखी फिरते तेव्हा बाहेरच्या टोकाची मुलं ढांगा टाकत जवळजवळ पळतात आणि आतली मुलं इंच-इंच सरकतात. सगळं कौतुक पळणाऱ्यांना मिळतं, पण पूर्ण लयीत अर्ध्या वीतभर पावलं टाकणं अवघड असतं. माझी मुलगी त्या वर्षी आतल्या टोकाला होती, म्हणून हे मला ठाऊक. घरी आल्यावर मी आमच्या ब्लूमिंग्टनच्या स्टार ऑफ इंडियानाचा 1991 चा विजेता शो परत लावला. त्यात एका क्रॉसमधून दुसरा क्रॉस घडत जातो ती हालचाल आजही लोक नावाने ओळखतात. मी ती पूर्वी कितीदा तरी पाहिली होती. या वेळी एकच वादक धरला आणि शेवटपर्यंत त्याच्यावरून नजर हलवली नाही. आकार मला दिसलाच नाही, पण तो कसा तयार होतो ते दिसलं. हाच कोर दोन वर्षांनी स्पर्धेतून बाहेर पडला आणि त्यातून पुढे ‘ब्लास्ट’ हा रंगमंचावरचा कार्यक्रम उभा राहिला. 2001 मध्ये त्याला टोनी पुरस्कार मिळाला.

या बारकाव्यांना नेहमीच जागा होती असं नाही. 1983 पर्यंत परीक्षण वजाबाकीचं होतं. परीक्षक वही घेऊन फिरत आणि चूक दिसली की दशांश गुण कापत. पाय चुकला, टिक. काठी आधी पडली, टिक. अशा पद्धतीत जे केलं नाही त्याला धोका नाही, म्हणून रचना जपून केल्या जात. पुढच्या वर्षीपासून मिळवलेल्या गोष्टीला गुण द्यायची पद्धत आली. त्याच सुमारास जॉर्ज झिंगाली या रचनाकाराने गारफील्ड कॅडेट्ससाठी डावी-उजवी बाजू सारखी ठेवण्याची जुनी चाल मोडून वळणावळणाच्या, एकांगी रचना केल्या, आणि त्या कोरने 1983, 1984, 1985 अशी सलग तीन वर्षं अजिंक्यपद मिळवलं. उत्कृष्ट गार्डचा पुरस्कार आज झिंगालींच्या नावाने दिला जातो. आता शंभरातले 40 गुण एकूण परिणामाला, 30 दृश्याला, 30 संगीताला. निकाल किती अटीतटीचे लागतात त्याचं एकच उदाहरण देते: 2008 मध्ये फँटम रेजिमेंट या कोरने ब्लू डेव्हिल्स या कोरवर 0.025 गुणांनी मात केली, 98.125 विरुद्ध 98.100. एवढ्याशा अंतरात कुणाचा कुठला खांदा, कुठला श्वास जाऊन बसला असेल हे कुणीच सांगू शकणार नाही, पण तो कुठेतरी आहेच.

जूनच्या अखेरीला दौरा सुरू झाला. रात्री बस धावतात, पहाटे कुठल्यातरी शाळेच्या जिमच्या लाकडी जमिनीवर मुलं अंथरुणं टाकतात, सकाळी सराव, संध्याकाळी शो, पुन्हा बस. मी सगळा दौरा केला नाही, मधले काही टप्पे धरले. शिवणकामासाठी ट्रेलरमध्ये एक मशीन, इस्त्री आणि दोऱ्यांचा डबा होता. मुलं बारीक होतात, त्यामुळे दर आठवड्याला कमरा आत घ्याव्या लागतात. घामाचा वास जायला व्होडका आणि पाणी फवारतात, नाटकाच्या पोशाखवाल्यांची ही जुनी युक्ती आहे आणि ती चालते. सॉक्स, हातमोजे, गुडघ्यांवर विटलेला रंग, चेनमध्ये अडकलेलं कापड. या कामांबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. ती रोजची होती.

सांगायला हवं ते सॅन अँटोनिओचं. तिथल्या अलामोडोममध्ये जुलैत मोठी प्रादेशिक स्पर्धा असते. बंदिस्त स्टेडियम, चारी बाजूंनी पांढरे दिवे, आणि प्रेक्षक खूप उंचावर. त्याआधी आमचे शो उघड्या मैदानांवर झाले होते. मावळतीचं ऊन पश्चिमेकडून तिरपं यायचं आणि केशरी पट्टी उघडली की स्टँडमधून आवाज उठायचा. डोममध्ये काहीच उठलं नाही. मी वरच्या मजल्यावर बसले होते आणि मला स्वतःला, प्रत्येक टाका माहीत असूनही, रांगेतून नुसती एक सावली गेल्यासारखी वाटली. उजेड सरळ डोक्यावरून पडत होता, हात वर गेला की त्याचीच छाया पट्टीवर येत होती.

त्या रात्री दृश्य विभागाचे शिक्षक, रचनाकार आणि प्रमुख बाई ट्रेलरपाशी बराच वेळ बोलत उभे होते. ते काढून टाकू असंही कुणीतरी म्हणालं. दौऱ्यात असे बदल सतत होतात. जूनमधला शो आणि ऑगस्टमधला शो यांत बरंच काही बदललेलं असतं, कधी अख्खा शेवट नवा असतो. पण रचनाकारांनी तो क्षण सोडला नाही. त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. हात आता कानाला लागून सरळ वर न जाता थोडा मागे झुकेल, म्हणजे काख पुढे उघडेल. आणि पट्टी छातीच्या बाजूला दोन बोटं वाढवायची.

दोन बोटं म्हणायला सोपं आहे. म्हणजे प्रत्येक अंगरख्याची ती शिवण उसवायची, केशरी कापडाचा नवा तुकडा जोडायचा, करड्याची कड तेवढीच मागे घ्यायची आणि तरीही हात खाली असताना बाहेर काही दिसू द्यायचं नाही. आम्ही काही जणी आणि दोन वडील, सगळे मिळून एका शाळेच्या कॅफेटेरियात ओळीने बसलो. एक उसवत होता, एक कापत होता, मी आणि आणखी एक आजी मशीनवर. उसवताना आतल्या बाजूला बॉलपेनची अक्षरं दिसायला लागली. कुणी शेजारच्या डॉटवरच्या मुलाचं नाव लिहिलं होतं, कुणी आजोबांचं, कुणी नुसता आपला क्रमांक. काखेच्या आत, जिथे घाम सगळ्यात जास्त येतो तिथे. आम्ही ठरवलं की जिथे अक्षरं आहेत तो भाग कापायचा नाही, नवा तुकडा त्याच्या पुढून जोडायचा. कामाला वेळ जास्त लागला. लेकीच्या अंगरख्यात काय लिहिलं होतं ते मी पाहिलं नाही, तो दुसऱ्या कुणाला तरी उसवायला दिला.

पुढे पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउनला मी मुद्दाम गेले. तिथलं जे. बर्नी क्रम स्टेडियम जुनं आहे, प्रेक्षक मैदानाच्या अगदी जवळ बसतात आणि रसिक मंडळी ऑगस्टमधल्या त्या दोन रात्रींसाठी लांबून येतात. तिथे दहाव्या-बाराव्या रांगेत बसलात तर बारीकसारीक सगळं दिसतं: वाद्यांच्या झडपांवर बोटं, सरावात शंभरदा आपटलेल्या रायफलींवरची नवी चिकटपट्टी, बाजूच्या मुलाची चुकामूक होत असताना दुसऱ्याने भुवईने दिलेली सूचना. वाढवलेली पट्टी तिथे पहिल्यांदा उन्हात उघडली. माझ्यामागे बसलेले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले की अरे, हे आधी नव्हतं. होतं, पण त्यांना ते दिसलं नव्हतं. मी मागे वळून त्यांना सांगितलं, आणि मग बोलणं बराच वेळ चाललं.

ते जुन्या चालीचे होते. उंच टोपी, त्यावर तुरा, लोकरी कोट, छातीवर आडवे पट्टे, हे सगळं गेलं याचं त्यांना वाईट वाटत होतं. आताचे पोशाख नर्तकांचे वाटतात, सैनिकांचे वाटत नाहीत, असं ते म्हणाले. मी त्यांचं म्हणणं झटकून टाकणार नाही, कारण तुऱ्याचं एक काम होतं. मान वळली की तुरा ती हालचाल मोठी करून दाखवायचा. दूरवरच्या माणसालाही दीडशे माना एकदम वळलेल्या कळायच्या. ते आता नाही. पण टोपीखाली चेहरा नव्हता. आणि कडक कोटात हात खांद्याच्या वर नीट जात नाही, हे शिवणाऱ्याला सांगायला नको. केशरी पट्टी त्या कोटात शक्यच नव्हती. मला आताचं आवडतं, आणि मी ते त्यांना तसं सांगितलं.

घरी बसून पाहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. चित्रीकरण दोन तऱ्हांचं मिळतं. हाय-कॅम म्हणजे वरून एकच स्थिर कॅमेरा, त्यात आकार पूर्ण दिसतो आणि माणसं मुंग्यांएवढी. मल्टी-कॅममध्ये चेहरे दिसतात, पण कुणाचा चेहरा हे दुसरं कुणीतरी ठरवतं, आणि नेमक्या वेळी कॅमेरा भलतीकडे असतो. मी आधी मल्टी-कॅम पाहते आणि मग हाय-कॅमवर एकच मूल धरून अख्खा शो पाहते. आपलं मूल असलंच पाहिजे असं नाही. शेवटच्या रांगेतला, कोपऱ्यातला, ज्याच्याकडे कॅमेरा कधीच जात नाही असा एखादा धरावा. आणि जिथे शो असेल तिथे वाहनतळावर थोडं आधी जावं. ढोलवाले तिथे गोल करून सराव करतात, त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभं राहून पाहता येतं. एकाच्या काठीची उंची दुसऱ्याच्या काठीपेक्षा इंचभरही वेगळी नसते, ती तिथे जवळून पाहिली की मग स्टँडमध्ये बसूनही ओळखू येते.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात इंडियानापोलिस. 2009 पासून अंतिम स्पर्धा लुकास ऑइल स्टेडियममध्ये होते. गुरुवारी प्राथमिक फेरी, शुक्रवारी उपांत्य, शनिवारी पहिले बारा. आम्ही बारांत होतो. डोमचा उजेड पुन्हा तोच, डोक्यावरून पडणारा. गुरुवारी मी बोगद्याच्या तोंडाशी सुया-दोरे घेऊन उभी होते आणि मैदान मला कडेने, जवळजवळ जमिनीच्या पातळीवर दिसत होतं. त्या कोनातून कुठलाच आकार दिसत नाही, नुसती माणसांची दाटी दिसते. पण तिरपी रांग नेमकी माझ्या दिशेने संपत होती. हात उठायला लागले तसा केशरी रंग दूरच्या टोकाकडून माझ्याकडे येत राहिला, शेवटचा हात माझ्यापासून दहा-पंधरा पावलांवर वर गेला, आणि वरून, ज्या मजल्यांवर सॅन अँटोनिओत काहीच पोहोचलं नव्हतं तिथून, आवाज खाली आला. माझ्याशेजारी पाण्याची पिंपं ढकलणारे एक बाबा उभे होते, त्यांनी माझा खांदा इतका जोरात दाबला की दोन दिवस दुखत होता. शनिवारी मी वर बसून पाहिलं. मुलं सुटून वाजवत होती, हात थोडे जास्तच मागे झुकले होते, दोन-तीन शिवणी नक्कीच उसवल्या असणार असं मला वाटलं. नंतर पाहिलं तर चार उसवल्या होत्या.

त्या वर्षी ज्यांचं वय संपलं त्यांना अंगरखे ठेवून घ्यायचे होते, बाकीचे जमा करून धुऊन खोक्यांत भरले. लेकीची अजून दोन वर्षं आहेत. यंदाचा पोशाख मी मार्चमध्ये पाहिला. या वेळी पाठीत पाठकण्याच्या रेषेवर एक मिटणारी घडी आहे, मुलं मागे वळून उभी राहिली आणि खांदे जवळ आणले की ती उघडते. कापड पुन्हा ताणणारं, पण आतलं पान न ताणणारं, म्हणजे दोन्ही एका शिवणीत आणताना कड लाटांसारखी उठते. मी आतल्या पानाला तिरप्या कापाची पट्टी लावून पाहते आहे. तसं बसलं तर पाठ न फुगता घडी उघडेल, असं वाटतं. मेमध्ये मुलं अंगात घालून खांदे हलवतील तेव्हा काय ते कळेल.